गळ तिच्याही हातात द्या

मासळी बाजारात पाटीपुढे बसते ती बाई. कल्ले उघडून ताजेपणा बघते, घासाघीस करून भाव पाडते ती बाई. खवले काढते, वाटण वाटते, कालवण करते आणि काटे काढून मुलांच्या तोंडात घास घालते तीही बाईच. आमच्या भागातल्या कातकरी वाड्यांवरच्या बायका तर ओढ्यात उतरून हातांनी, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं मासे धरतात. एवढं सगळं बाईच्या हातून होतं. मग नदीकाठी दगडावर बसून, हातात काठी नि गळ घेऊन, पाण्याकडे निवांत बघत बसलेली बाई कधी पाहिलीत का हो तुम्ही?

मी तरी आमच्या भागात अजून पाहिलेली नाही. रविवारी सकाळी वांगणीपासून बदलापूरपर्यंत किंवा पुढे रायत्याच्या पुलाखाली नजर टाका. चार-दोन जण गळ टाकून बसलेले असतातच. कुणी शाळकरी पोरं बांबूची काठी घेऊन, कुणी नोकरदार बाप्ये महागडा रॉड आणि रीळ घेऊन. पण सगळे पुरुष. बाई दिसलीच तर ती धुणं धुताना, नाहीतर नवऱ्याच्या मागे डबा घेऊन बसलेली!

माझ्या परिचयातल्या एका घरात गेल्या उन्हाळ्यात यावरूनच मोठा वाद झाला. मुलगी अकरावीतली, हुशार. मावसभावानं तिला मोबाइलवर 'ड्रॉप शॉट' नावाचा गळ टाकायचा प्रकार दाखवला. तेव्हापासून तिला एकच ध्यास, मला हे शिकायचंय. वडील म्हणाले, "तो जाईल, तू कशाला?" आजी म्हणाली, "मुलीच्या जातीनं नदीवर जाऊन बसायचं? लोक काय म्हणतील?" आणि आई, जी एरवी लेकीच्या बाजूनं भांडते, ती म्हणाली, "अगं, त्यापेक्षा मेंदीचा क्लास लाव!" आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे की त्या मुलीला गळ टाकायला जाऊ द्यायला हवं होतं. तिलाच नव्हे, आपल्या सगळ्यांच्याच मुलींना. का ते सांगते.

आधी हा ड्रॉप शॉट म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याकडच्या साध्या गळात तंगूसच्या टोकाला गळ असतो आणि त्याच्या थोडं वर वजन. पाण्यात टाकला की वजन तळाला बसतं आणि गळ त्याच्याशेजारी चिखलात लोळतो. नाहीतर वर बूच बांधतात आणि गळ मधल्यामध्ये लोंबकळतो. ड्रॉप शॉटमध्ये ही मांडणीच उलटी. वजन अगदी शेवटी, दोरीच्या टोकाला. गळ त्याच्या वर, वीतभर ते हातभर अंतरावर. वजन तळाला टेकलं की आमिष बरोबर तेवढ्याच उंचीवर पाण्यात तरंगत राहतं. मासा तळापासून वीतभर वर फिरत असेल तर अंतर वीतभर ठेवायचं, जरा वर असेल तर हातभर. आमिष थेट त्याच्या तोंडासमोर!

गळ बांधायची गाठही सोपी आहे. तिला पालोमार गाठ म्हणतात. तंगूस दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्याची साधी सैल गाठ मारायची, तयार झालेल्या फाशातून अख्खा गळ पलीकडे काढायचा आणि गाठ पाण्यानं ओली करून हळूच आवळायची. कोरडीच आवळली तर घासून तंगूस कमजोर होतो. मग उरलेलं लांब टोक गळाच्या टोकाच्या बाजूनं पुन्हा नेढ्यातून खाली ओढून घ्यायचं, म्हणजे गळ आडवा उभा राहतो आणि त्याचं टोक वर येतं. त्या लोंबत्या दोरीच्या शेवटी वजन. सुईत दोरा ओवणाऱ्या, फॉल-बिडिंग करणाऱ्या, मोत्याचं तोरण विणणाऱ्या बाईला यात अवघड काय आहे?

खरं कसब पुढे आहे. या प्रकारात दोरी ओढत राहायचं नसतं. वजन तळाशी जागच्या जागी राहू द्यायचं, दोरी किंचित सैल सोडायची आणि काठीचं टोक फक्त थरथरवायचं. आमिष जागच्या जागी नाचतं, पण पुढे सरकत नाही. एका हातानं भाजी निवडता निवडता दुसऱ्या हातानं पाळण्याची दोरी हलवलीत ना कधी? बाळ जागं होऊ नये इतकी हलकी आणि पाळणा थांबू नये इतकी सतत! अगदी तोच हात इथे लागतो. आणि मासा लागला की जोरात हिसका द्यायचा नाही. गळ बारीक असतो, दोरी नाजूक असते, हिसक्यानं सगळंच तुटतं. रीळ फिरवत दोरी फक्त ताणत न्यायची, गळ आपसूक रुततो. मनगटाच्या ताकदीपेक्षा बोटांची जाण आणि मनाचा धीर लागणारं हे काम. ते बाईला जमणार नाही असं कोण म्हणतं?

उलट इतिहास काढून बघा. गळानं मासे धरण्यावरचं इंग्रजीतलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक १४९६ सालचं. ते डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका जोगिणीच्या नावावर सांगितलं जातं. लिहिणारी तीच की आणखी कुणी, यावर पंडितांचे वाद आहेत. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या लोकांना ते बाईच्या नावावर सांगण्यात काही वावगं वाटलं नाही, हे तर खरं! आणि ब्रिटनमध्ये काठी-गळानं धरलेला सगळ्यात मोठा सामन मासा कुणी धरला? जॉर्जिना बॅलंटाइन या बाईनं. स्कॉटलंडमधल्या टे नदीवर, १९२२ च्या ऑक्टोबरात, वडिलांबरोबर होडीतून. मासा ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोचा! दोन तासांवर झुंज चालली. शंभर वर्षं उलटून गेली, तो विक्रम अजून तिच्याच नावावर आहे.

आता कुणी म्हणेल, हे परदेशी खूळ आपल्याला कशाला? ड्रॉप शॉट मुळात 'बास' नावाच्या माशासाठी निघाला. जपानी लोकांनी तो वाढवला आणि साधारण पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेत त्याची लाट आली. कारण असं की जिथे रोज शेकडो गळ पडतात तिथले मासे शहाणे होतात, धावत्या आमिषाला फसत नाहीत. मग त्यांच्या नाकासमोर आमिष नाचवत बसावं लागतं. आपल्या उल्हास नदीत हा बास मासा नाही, आणि नाही तेच बरं आहे. जपानमध्ये तो १९२५ मध्ये अमेरिकेतून आणून हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडला. हळूहळू तो देशभर पसरला आणि तिथल्या छोट्या देशी माशांचा फडशा पाडू लागला. शेवटी २००५ मध्ये कायदा करून त्याला बाळगायला, जिवंत इकडून तिकडे न्यायलाच बंदी घालावी लागली.

आपण तरी कुठे वेगळे? १९५२ मध्ये भारतात तिलापिया आणला, ज्याला बाजारात चिलापी म्हणतात. आज कुठल्याही तळ्यात गळ टाका, तोच आधी लागतो. आफ्रिकी मागूर तर २००० सालीच सरकारनं बंद केला, तरी चोरून पाळणारे पाळतातच. २०१९ मध्ये हरित लवादाला पुन्हा आदेश काढून तो नष्ट करायला सांगावं लागलं. तेव्हा तंत्र परदेशी घ्यायला हरकत नाही, मासा परदेशी नको, एवढं लक्षात ठेवलं की झालं. शिवाय हे तंत्र तरी पूर्ण परकं कुठे आहे? टोकाला दगड किंवा लोखंडी नट आणि वर एक-दोन गळ अशी दोरी टाकणारी म्हातारी माणसं मी आमच्या नदीवर कितीतरी वर्षं बघतेय. त्यांना ड्रॉप शॉट हे नाव ठाऊक नाही, इतकंच. त्यांच्यापैकी एका आजोबांना मी विचारलं, "काका, दिसत तर काहीच नाही, मग कळतं कसं?" ते म्हणाले, "बाय, बोटाला कलतं. खाली दगड हाय का चिखल हाय, बोट सांगतं."

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. वजन तळाला टेकवून बसणाऱ्या माणसाला नदीचा तळ कळतो. कुठे खडक आहे, कुठे डोह, कुठे गाळ साचलाय, कुठे प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्यात, सगळं त्याच्या बोटांना कळतं. आपल्याला नदी कशी माहीत असते? नळातून! पाणी आलं की नदी आहे, नाही आलं की नदी नाही.

बायांनो, आपल्या तिन्ही गावांचा जीव या नदीत अडकलेला आहे. राजमाचीच्या दरीत उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत ही उल्हास सुमारे १२२ किलोमीटर वाहते आणि वसईच्या खाडीला मिळते. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यानं ती भर उन्हाळ्यातही वाहती राहते. बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यावरून बदलापूर-अंबरनाथला पाणी मिळतं. १९७२ मध्ये एमआयडीसीनं बांधलेल्या बारवी धरणाचं पाणीही हिच्याच पात्रातून पुढे येतं. आणि उल्हासनगरचं तर नावच हिच्यावरून. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी बांधवांच्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी उल्हासनगर हे नाव दिलं. नदीचं नाव घेऊन गाव वसलं, आणि त्याच गावातली किती मुलं आज नदीवर गेलेली आहेत?

दुसरी नदी वालधुनी. तिची कथा तर ऐकवत नाही. तिच्या काठी अंबरनाथचं शिवमंदिर उभं आहे, १०६० सालचं, शिलाहारांच्या वेळचं. हजार वर्षांपूर्वी ज्या पाण्याकाठी देऊळ बांधावंसं वाटलं, त्या पाण्याजवळून आज नाकाला पदर लावून जावं लागतं. कारखान्यांचं रसायन, जीन्स धुतल्याचं निळं पाणी, गटारं, सगळं तिच्यात. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरच्या वडोलगावात रात्री कुणीतरी टँकरभर रसायन नदीत ओतलं आणि शेकडो लोकांना गुदमरून दवाखाना गाठावा लागला. नदीकाठी रोज बसणारी, पाण्याचा रंग नि वास ओळखणारी माणसं असती तर टँकर रिकामा करणाऱ्याची एवढी हिंमत झाली असती का? रिकाम्या काठावरच कचरा पडतो. घराच्या अंगणात कुणी बसलेलं असलं की तिथे कुणी थुंकत नाही, तसंच आहे हे.

म्हणून मी म्हणते, मुलांना आणि मुलींना नदीवर जाऊ द्या. निबंधात 'नदी ही माता आहे' असं लिहून गुण मिळवण्यापेक्षा एक सकाळ तिच्या काठावर बसलेलं बरं. पण मैत्रिणींनो, घरात मूल आणलं की जबाबदारी येते, तशीच हातात गळ घेतला की काही पथ्यंही येतात. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

पहिलं पथ्य वलगणीचं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे उलट्या प्रवाहानं ओढ्यांत, शेतांच्या बांधांपर्यंत चढतात. कशाला? अंडी घालायला. त्या दिवसांत टॉर्च घेऊन पोतीच्या पोती मासे भरून आणतात आणि आपण बायकाही गाभोळी भरलेला मासा म्हणून कौतुकानं जास्त पैसे मोजतो. दिवस भरलेल्या बाईला कुणी घराबाहेर काढतं का? समुद्रात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी आहे, ती यासाठीच. मग नदीतल्या माशांना आपण निदान आपल्यापुरती तेवढी सवलत देऊ या. वलगणीच्या दिवसांत छंदाचा गळ खुंटीला टांगायचा आणि गाभोळीचा मासा बाजारातून आणायचा नाही. जिचं पोट त्यावर आहे त्या वाडीवरच्या बाईची गोष्ट वेगळी, पण आपलं पोट काही वलगणीवर नाही.

दुसरं पथ्य लहान आणि फार मोठा मासा सोडून देण्याचं. लहान सोडायचा हे सगळ्यांना पटतं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी समुद्रातल्या अनेक माशांची किमान लांबीही ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. पण फार मोठा का सोडायचा? यासाठी आपल्या जिताड्याची गोष्ट ऐका. इंग्रजीत ज्याला आशियाई 'सी बास' म्हणतात तो आपला जिताडाच. म्हणजे बास बास म्हणून जग ज्याच्या मागे धावतं, त्याच्या नावाचा एक भाऊबंद आपल्या खाडीत पहिल्यापासून आहे! पेण-अलिबागकडे खारपट्टीतल्या तळ्यांत तो पाळतात, आणि जावई घरी आला की जिताड्याचं कालवण करायचं ही तिकडची रीत. हा मासा खाडीच्या तोंडाशी जन्मतो, गोड्या पाण्यात वर येऊन वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा खाली जातो. पण खरी नवलाई पुढेच आहे. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो! म्हणजे खाडीतला सगळ्यात मोठा जिताडा बहुतेक वेळा आईच असते, आणि तिच्या एकेका विणीत लाखो अंडी असतात. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात. तिथे क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा लागला तर तो पाण्यात परत सोडावा लागतो. आपल्याकडे मात्र जेवढी मोठी आई तेवढा मोठा फोटो!

जिताड्यावरून आठवला तो पल्लो. उल्हासनगरच्या माझ्या सिंधी मैत्रिणींकडे पल्लो माशाचं नाव नुसतं काढा, घरातल्या वृद्धांचे डोळे पाणावतात. झुलेलाल ज्या माशावर बसलेले दाखवतात तो हाच. पूर्वी हा मासा अंडी घालायला समुद्रातून सिंधू नदीत शिरायचा आणि पार मुलतानपर्यंत चढायचा. १९३२ मध्ये सक्करला बंधारा झाला, १९५५ मध्ये कोटरीला. मासा भिंतीला धडकून थांबला आणि वरच्या गावांतून नाहीसा झाला. बंधारे नकोत असं मी म्हणत नाही. आपण त्यांचंच पाणी पितो. पण समुद्राकडून वर येणाऱ्या माशाला बंधारा म्हणजे भिंत असते, त्याला चढायला वाट ठेवावी लागते, हे आपल्या मुलांना कळायला हवं. उद्या तीच मुलं इंजिनीअर होतील, नगरसेवक होतील.

तिसरं पथ्य खास आयांसाठी. गळाच्या दोरीला शिशाच्या गोळ्या लावतात आणि पोरं त्या दातानं दाबून बसवतात. शिसं विषारी. लहान मुलांच्या मेंदूला तर त्याचा फार अपाय होतो. ब्रिटनमध्ये राजहंस या गोळ्या गिळून मरायला लागले, तेव्हा १९८७ मध्ये लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपण कशाला शिसं घरात आणायचं? ड्रॉप शॉटला पाच-दहा ग्रॅम वजन पुरतं. हार्डवेअरच्या दुकानातला छोटा लोखंडी नट बांधा, काम झालं. दगडात अडकून तुटला तरी नदीत विष जाणार नाही. आणि तुटका तंगूस काठावर टाकू नका. तो वर्षानुवर्षं कुजत नाही, बगळ्यांच्या पायाला गुंततो. घरी आणून कचऱ्यात टाका.

चौथं पथ्य खाण्याचं. "पाण्यात मासे आहेत म्हणजे पाणी चांगलं," असं पुष्कळ जणी म्हणतात. ते खरं नाही. मरळ, मागूर हे मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवेतून श्वास घेतात. जिथे दुसरा मासा गुदमरेल तिथे ते जगतात. शिवाय माशाच्या अंगात साठलेले जड धातू कितीही उकळलं, तळलं, हळद-मीठ लावलं तरी जात नाहीत. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ते सगळ्यात जास्त बाधतात. तेव्हा वालधुनीतला, कारखान्याच्या नाल्याजवळचा, गटाराच्या तोंडाशी मिळालेला मासा स्वयंपाकघरात येऊ द्यायचा नाही. तो कुणी स्वस्तात विकत असेल तरी नाही.

पाचवं पथ्य जिवाचं. दर पावसाळ्यात आपल्या भागात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. बॅरेजवर, कोंडेश्वरला. जुलै २०१९ मध्ये वांगणी-बदलापूरच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, तेव्हा उल्हासचं रूप आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून पावसाळ्यात नदी नाही म्हणजे नाही. बंधाऱ्याच्या भिंतीवर कधीच नाही. एकट्यानं नाही. आणि ज्याला पोहता येत नाही त्यानं गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरायचं नाही. हे नियम मुलगा-मुलगी दोघांना सारखेच. "मुलीला धोका आहे" म्हणून तिला घरात ठेवायचं आणि मुलाला मोकळं सोडायचं, यात बुडून मरतात ते मुलगेच, हेही जरा ध्यानात घ्या.

काही मैत्रिणींना मुळात मासे धरणंच क्रूर वाटतं. त्यांच्या भावनेचा मी आदर करते. वाळणकोंडला, महाडजवळच्या काळ नदीत, देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही आणि तिथे अजून मोठाले मासे दिसतात. तोही नदी राखण्याचा एक उत्तम मार्ग आहे. पण ज्या घरात मासे खातात तिथे गळानं एकेक मासा धरणं हे सगळ्यात कमी पापाचं, असं मला वाटतं. आज काही ठिकाणी काय चालतं? जिलेटिनच्या कांड्या उडवतात, पाण्यात ब्लीचिंग पावडर नाहीतर कीटकनाशक ओततात आणि डोहच्या डोह पांढरा करून टाकतात. पिल्लं, अंडी, बेडूक, काही उरत नाही. स्फोटकांनी आणि विषानं मासे मारणं हा १८९७ च्या कायद्यानंच गुन्हा आहे. सव्वाशे वर्षं झाली, कायदा आहे, बघायला माणूस नाही. गळवाला माणूस रोज काठावर असला तर हे आधी त्याच्याच डोळ्यांत भरेल आणि पहिली ओरडही तोच करील.

त्या अकरावीतल्या मुलीचा हट्ट अजून मिटलेला नाही. बचत गटाच्या मागच्या बैठकीत मी तिच्या आईला सरळ सांगितलं, "ताई, पाऊस सरला, पाणी निवळलं की आपण तिघी जाऊ. तुला नसेल टाकायचा गळ तर नको टाकू, नुसती बस. डबा मात्र या वेळी तिच्या बाबांना करू दे!" ती हसली, पण नाही म्हणाली नाही. तुम्हीही आपापल्या गावाच्या नदीवर, तळ्यावर एकदा अशाच चार जणी मिळून जाऊन बघा. जवळच्या वाडीवरच्या एखाद्या कातकरी मावशीला गुरू करा. तिच्याइतकं पाणी आपल्यापैकी कुणालाच कळत नाही, आणि तिला कुणी गुरू म्हणून मान दिलाय असंही फारसं घडलेलं नाही.